सासूबाईंसाठी दार

३ नोव्हेंबर

मोजपट्टी,

तू खुशाल असशील. मी नाही. दोऱ्यांचा डबा काढायला स्टुलावर चढले आणि उतरताना स्टूल एकीकडे नि मी एकीकडे. गुडघ्याखालचं हाड मोडलंय. तुझ्या बाबांनी फोन केला होता. ते अर्धा तास काहीतरी बोलले. फोनवर मला धड ऐकू येत नाही, त्यामुळे मी नुसतं हं हं केलं. रागावले असणार. म्हणून तुला पत्र. माझं काम तुझ्याकडेच आहे.

सासूबाई आठवते ना? मागच्या खेपेला तुझ्या पिशवीत झोपली होती ती माझी मांजर. माझ्या खऱ्या सासूबाईंनी माझ्याकडून एवढी उठबस कधी करून घेतली नाही. मागच्या काचेच्या दारापाशी बसते नि ओरडते. उघडलं की बाहेर. बाहेर गेली की दोन टाक्यांत परत आत यायचंय. काल दिवसभरात चौदा वेळा झालं. मोजायची सवय मला तुझ्यामुळे लागली. दार उघडं ठेवावं तर वाऱ्याने कापलेले तुकडे खोलीभर उडतात आणि धूळ बसते ती पांढऱ्या कापडावर. हल्ली मी दवाखान्याचेच कोट शिवते आहे. चांगल्या पायाने मशीनची मोटार दाबते, काम थांबलेलं नाही.

पण डॉक्टर म्हणाले, जानेवारीपर्यंत हा पाय टेकायचा नाही. असंच उठत राहिलात तर हाड सरकेल आणि ऑपरेशन करावं लागेल. हे वरच्या मजल्यावरच्या वहिनीने ऐकलं. तिच्या भावाचं गावाबाहेर गोदाम आहे, तिथे उंदीर झालेत. तीस तारखेला त्याची गाडी येणार आहे. त्या गाडीत सासूबाईला पाठवायची असं तिने ठरवलंय आणि मी हो म्हणून बसलेय. दुसरं काय म्हणू?

कोटांची ऑर्डर देणाऱ्या नर्सबाईंनी परवा एक खोकं आणून दिलं. त्यात प्लास्टिकची गोल झडप आहे. काचेला भोक पाडून ती बसवायची, मग मांजर डोक्याने ढकलून आपली आपण येते-जाते. घरात काच कापणारा कारागीर असताना मी बाहेर कुणाला विचारू? तू कारागीर झालास हे तुझ्या बाबांनी मला दोनदा लिहिलं होतं. दोन दिवस ये आणि दाराच्या खालच्या काचेत एवढं भोक पाडून दे.

आत्या


७ नोव्हेंबर

आत्या,

तुझे पत्र काल मिळाले. पायाचे वाचून फार वाईट वाटले. पाय उशीवर उंच ठेवतेस ना? स्टूल फेकून दे, त्याचा एक पाय आखूड आहे हे मी मागेच सांगितले होते.

झडपेबद्दल. काचेला भोक पाडणे हे वाटते तितके साधे काम नाही. आधी पुढच्या गोष्टी कळायला हव्यात. काच किती जाड आहे? पेन्सिलीचे टोक काचेवर टेकवून तिरके पाहिले की टोकाची दोन प्रतिबिंबे दिसतात. ती जवळजवळ असतील तर काच पातळ, लांब असतील तर जाड. खालची काच वरच्या काचेपासून वेगळी आहे की दाराला एकच सलग काच आहे? ती लाकडी पट्ट्यांनी धरलेली आहे की रबराने? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, काचेच्या चारही कोपऱ्यांत कुठे नखाएवढा शिक्का दिसतो का ते पाहा. शिक्का असेल तर ती भट्टीत कडक केलेली काच, आम्ही तिला टफन म्हणतो. ती कुणालाच कापता येत नाही. तिला कुणीही हात लावू नये. अगदी कुणीही. खोक्यावर भोकाचे माप लिहिले असेल, तेही कळव.

आणखी एक विचार. दाराच्या बाजूला लाकूड असेल तर एखादा सुतार त्यातच भोक पाडून देईल. ते जास्त सुरक्षित. इकडे सध्या कामाची फार गर्दी आहे, मला निघता येईल असे वाटत नाही.

पेन्सिल लावताना उभी राहू नकोस. कुणाला तरी सांग.

तुझा भाचा


११ नोव्हेंबर

मोजपट्टी,

तुझं पत्र वहिनीने वाचलं आणि विचारलं, भाचा काच कापतो की वकिली करतो?

घे तुझी उत्तरं. ही खोली माझ्याआधी फोटोवाल्याची होती, म्हणून मागचं दार काचेचं. मध्ये एक आडवं लाकूड, वर एक काच, खाली एक. बाजूला लाकूड आहे ते चार बोटांचं, त्यातून सासूबाईची शेपटी जाईल फार तर. सुतार येऊन गेला. काचेला बोटही लावायचं नाही म्हणाला. पट्ट्या लाकडाच्या आहेत, वर रंगाचे इतके थर की खिळे दिसत नाहीत. पेन्सिल शेजारच्या घड्याळवाल्यांनी लावली. प्रतिबिंबं जवळजवळ आहेत. शिक्का मला दिसला नाही, पण माझे डोळे तुला माहीत आहेत. खोक्यावर भोक एकवीस सेंटिमीटर लिहिलंय.

खालच्या काचेचं माप आकड्यात देत नाही, कारण माझ्या टेपवरचे आकडे पुसले गेलेत, मी अंदाजाने वाचते आणि तू तेवढ्यावर रात्रभर जागशील. त्यापेक्षा वहिनीकडून काचेवर खाकी कागद धरून कडा आखून घेतल्या आणि सगळ्या गिऱ्हाइकांचा नमुना कापते तसा मी कापलाय. सोबत घडी करून पाठवते. मांजरीचंही माप घेतलंय. छाती साडेअकरा इंच, जेवल्यावर बारा. खांदा पाच. बाही लागणार नाही.

आता मी एक विचारते. दोन पानांच्या पत्रात तू "मी येतो" एवढे दोन शब्द सोडून सगळं लिहिलंस. गर्दी आहे म्हणतोस. तुझ्या मालकाला दोन दिवसांची रजा मागायला तुला भीती वाटते की दुसऱ्याच कशाची?

आत्या


१५ नोव्हेंबर

आत्या,

दुसऱ्याच कशाची.

हे पत्र तू वहिनींना वाचायला देऊ नकोस आणि बाबांना काही कळवू नकोस. मी कारागीर नाही. दीड वर्षापूर्वी काही महिने होतो. तेव्हा मला एका दुकानाच्या काचेच्या दाराला कुलपासाठी भोक पाडायला पाठवले होते. पहिल्यांदाच एकट्याला. काम पटकन करून दाखवावे म्हणून मी कोपरे न पाहता ड्रिल लावले. काच टफन होती. पुरुषभर उंचीचे दार एका क्षणात खाली आले. साखरेचे पोते फाटावे तसा आवाज झाला. कुणाला लागले नाही. दुकानदार आतून धावत आले आणि मी हातात ड्रिल घेऊन रिकाम्या चौकटीसमोर उभा होतो. ते मला म्हणाले, "आता कुलूप कशाला लावू?" लोक हसले. मीसुद्धा हसलो असे मला आठवते.

मालकांनी कामावरून काढले नाही. माझे अक्षर चांगले आहे, लिहिताना चुका होत नाहीत, म्हणून त्यांनी मला बिले आणि चिठ्ठ्या लिहायला बसवले. दहा-पंधरा दिवसांनी ते म्हणाले, ये परत टेबलावर. मी म्हणालो, उद्या. अजून उद्याच चालू आहे. आमच्या कटरला इथे हिरा म्हणतात. तो मी त्या दिवसापासून हातात घेतलेला नाही. घरी मात्र मी कारागीर आहे असेच लिहीत राहिलो.

तुझा कागद मिळाला. तो मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्या टेबलावर पसरला होता. तेवढ्यात आमच्याकडचे सगळ्यांत जुने कापणारे आले. त्यांना सगळे हिरेकाका म्हणतात. त्यांनी विचारले हे काय, मी सांगितले. ते म्हणाले, जुनी काच दारात ठेवून तिला भोक पाडणं जिकिरीचं. त्यापेक्षा इथे टेबलावर नवी काच काप, इथेच भोक पाड, नेऊन बसव. मी त्यांना विचारले की तुम्ही कापून द्याल का. ते हो म्हणाले. म्हणजे अठ्ठावीस तारखेला मी काच घेऊन येतो आणि फक्त बसवून देतो. पट्ट्या काढणे आणि बसवणे मला नीट येते. हे चालेल ना?

तुझा भाचा


१८ नोव्हेंबर

मोजपट्टी,

नाही चालणार.

मी तुझ्याएवढी होते तेव्हा एका वकिलाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. कापड त्यांनी परगावाहून आणलेलं, वाढीव तुकडा नाही. वकील दुकानात उभे, एक बाही हातात, दुसरी बाही हातात, आणि दोन्ही एकाच बाजूला वळलेल्या. त्यानंतर आठ दिवस मी फक्त काजं केली नि बटणं लावली. नवव्या दिवशी मास्तरांनी माझ्यापुढे तसलंच भारी कापड टाकलं आणि म्हणाले, "मी बाहेर जातोय. येईन तेव्हा कापलेलं असू दे." आणि खरंच गेले. तिथे उभे राहून बघत बसले असते तर माझ्या हातून कात्री चालली नसती.

तर ऐक. तुमच्या हिरेकाकांनी कापलेली काच मला नको. चांगली असेल, पण नको. मांजर माझी, पाय माझा, दार माझं, तेव्हा कुणाच्या हातची काच लावायची ते मी ठरवीन. तू कापून आण. फुटली तर फुटली, मी तिथे फळी ठोकून घेईन आणि सासूबाई उंदीर मारायला जाईल. वाईट वाटेल, पण मी तुला एक शब्द बोलणार नाही. न कापता आलास तर मात्र बरंच बोलेन.

बाबांना कळवायचं काम माझं नाही. ते तुझं तू बघ.

आत्या


२३ नोव्हेंबर

आत्या,

तुझे पत्र मिळाल्यावर दोन दिवस मी ते खिशात घेऊन बिले लिहिली. तिसऱ्या दिवशी हिरेकाकांकडे जाऊन म्हणालो की मीच कापतो. त्यांनी भंगारच्या काचांचा ढीग दाखवला आणि आपल्या कामाला लागले.

गोल कापायला एक कंपास असतो. त्याचे एक टोक रबरी वाटीने काचेला चिकटते आणि दुसऱ्या टोकाला हिरा. तो रॉकेलमध्ये बुडवून एकदाच फिरवायचा, रेघ जिथे सुरू झाली तिथेच मिळाली पाहिजे. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा फिरवला की काच बिघडते. मग आत एक लहान गोल, त्याच्या आत आडव्याउभ्या रेघा, आणि मागून हळूहळू ठोकत ती रेघ खोल करायची. मधली काच तुकड्यातुकड्यांनी निघते.

पहिल्या भोकाला रेघेची सुरुवात आणि शेवट यांची गाठच पडली नाही. दुसऱ्यात चीर गोल सोडून थेट कडेला गेली. तिसरे, चौथे, पाचवे सांगत नाही. सहाव्याला हिरेकाका न वळताच म्हणाले, "ठोकतोस जोरात. तिला घाबरवू नकोस." ते पाठमोरे होते, त्यांनी नुसते ऐकले होते. आठवे भोक निघाले. नववे फुटले. दहावे आणि अकरावे निघाले.

काल दुपारी तुझ्या मापाची काच कापली. तुझा कागद मी तीनदा मोजला, तिन्ही वेळा साडेसत्तावीस बाय साडेएकतीस इंच भरला. काच चौकटीत घट्ट बसता कामा नये, म्हणून चारही बाजूंनी तीन मिलिमीटर कमी केले. खालून पाच इंचांवर भोक. निघाले, आत्या. कडा पाण्याच्या पॉलिशपेपरने घासल्या, आता त्यावरून बोट फिरवले तरी लागत नाही. मालक येऊन उभे राहिले आणि भोकातून हात घालून त्यांनी माझ्याशी हात मिळवला. ते जरा विनोदी आहेत.

काच दोन गोधड्यांमध्ये बांधली आहे. अठ्ठावीसला सकाळच्या गाडीने निघून बारापर्यंत पोचतो. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने परत निघावे लागेल. सोबत कंपास, हिरा, रॉकेलची बाटली, पॉलिशपेपर, चिकटपट्टी आणि जास्तीचे खिळे घेत आहे. लागणार नाहीत, पण घेत आहे.

तुझा भाचा


२५ नोव्हेंबर

मोजपट्टी,

शाबास. जास्त लिहीत नाही, नाहीतर तू त्यातही काही खोट काढशील.

अठ्ठावीसला मला प्लास्टर बदलायला दवाखान्यात जायचंय. वहिनी नेणार आहे, तिथली रांग बघता संध्याकाळच होईल. तुझी-माझी गाठ पडेलसं दिसत नाही. किल्ली घड्याळवाल्यांकडे. पोळीभाजी झाकून ठेवते. सासूबाई बाहेर असेल, तिला ओरडू दे. काम झालं की मला चिठ्ठी लिहून ठेव.

आत्या


२८ नोव्हेंबर
तुझ्या मशीनवर ठेवले आहे

आत्या,

आधी वाईट ते सांगतो. मी आणलेली नवी काच फुटली. ती तुला कोपऱ्यात गोधडीत दिसेल, हात लावू नकोस. चूक माझीच आहे. कुठे झाली ते अजून कळत नाही.

मी सव्वाबाराला आलो. पट्ट्या काढायच्या आधी सहज नवी काच दाराला लावून पाहिली. चारही बाजूंनी अर्ध्या इंचाहून जास्त मोठी. मी पुन्हा पाहिले. काच उलटी करून पाहिली, जणू उलटी केल्यावर लहान होईल. तुझा कागद मी तीन वेळा मोजला होता आणि दार एकदाही मोजलेले नव्हते. एवढे प्रश्न विचारले आणि तेवढा एक आकडा मागितला नाही.

मग तुझ्या कापायच्या टेबलावर गोधडी पसरून काच बारीक करायला घेतली. तीन बाजूंच्या जास्तीच्या काचेच्या पट्ट्या नीट निघाल्या. चौथ्या बाजूची चीर सरळ जाता जाता वळली आणि भोकाला जाऊन मिळाली. भोक असलेली काच अशक्त असते, चीर तिकडेच धावते. मला हे माहीत होते.

तेव्हा अडीच वाजले होते. मी तुझ्या खुर्चीवर बसलो. दार अजून शाबूत होते, त्याला मी खिळासुद्धा लावला नव्हता. सगळे गोळा करून निघून गेलो असतो तर तू एक शब्द बोलणार नव्हतीस, हे तू लिहूनच दिले होतेस. घड्याळवाले काका डोळ्याला ते भिंग लावूनच चौकशीला आले. सासूबाई दाराबाहेर बसली होती. ती ओरडत नव्हती. नाक काचेच्या इतके जवळ की श्वासाने एक लहानसा धुरकट ठिपका येत होता आणि जात होता. ठिपका साधारण तिथेच होता जिथे भोक यायला हवे.

मी गुडघ्यांवर बसून चारही कोपरे पाहिले. नखाने रंग खरवडून पाहिले. मग काकांना म्हणालो, तुम्ही तुमच्या भिंगाने पाहा. ते जमिनीवर आडवे झाले आणि चारही कोपरे घड्याळ तपासावे तसे तपासले. शेवटी म्हणाले, "शिक्का नाही. एके ठिकाणी रंगाचा थेंब आहे, तो मीच मागे उडवला होता." मी त्यांना पुन्हा पाहायला सांगितले. त्यांनी पुन्हा पाहिले.

दार उघडून काकांना ते घट्ट धरून ठेवायला सांगितले, आणि दारात उभ्या असलेल्या, तुझ्या त्या जुन्या काचेवर कंपास चिकटवला. हिरेकाका ज्याला जिकिरीचे म्हणाले होते तेच. हिरा रॉकेलमध्ये बुडवला. काचेला लावला आणि एकदाच फिरवला.  कागद सावकाश फाडावा तसा बारीक, सलग आवाज आला आणि रेघ जिथे सुरू झाली तिथेच मिळाली. आतला गोल, आतल्या रेघा. आतून चिकटपट्टी लावली आणि बाहेरच्या बाजूला जाऊन ठोकायला लागलो. तिला न घाबरवता. चीर चमकत रेघेवरून पुढे सरकत होती, वळणावर वळत होती. दोन बोटे राहिली आणि थांबली. काका म्हणाले, "आता?" मी म्हणालो, "तुम्ही दार सोडू नका." आणखी एकदा ठोकले. मिळाली.

मधला तुकडा निघाला तेव्हा वारा आत आला आणि तुझ्या टेबलावरचा एक पांढरा तुकडा उडाला. मी तो उचलून परत ठेवला आहे, खिशाचा असावा.

कडा घासल्या. झडप बसवली आहे. स्क्रू हाताने बसतील एवढेच आवळले आहेत, तू जास्त आवळू नकोस. झडप दोन्ही बाजूंना नऊ नऊ वेळा हलवून पाहिली. सासूबाईने मात्र तिच्याकडे पाहिलेही नाही. मी बोटाने झडप उचलून दाखवली, तिने माझ्या बोटाचा वास घेतला आणि दार उघडायची वाट पाहत बसली. तिला शिकवायला माझ्याकडे वेळ नाही, गाडी साडेपाचची आहे. तीस तारखेच्या आत ती शिकली नाही तर माझ्या कामाचा काही उपयोग नाही, हे मला कळते. दुधाची वाटी झडपेच्या आत ठेवून पाहा.

पोळीभाजी खाल्ली. वाटी धुतली आहे. पाय टेकू नकोस.

तुझा भाचा


३० नोव्हेंबर, संध्याकाळ

मोजपट्टी, नाही, आता दुसरं नाव शोधायला हवं,

अठ्ठावीसला मी घरी आले ती थेट खुर्चीत. आधी तुझं पत्र वाचलं, मगच दार पाहिलं. किती वेळ पाहत होते ते सांगत नाही. शेवटी वहिनी म्हणाली, "भोकच आहे, टीव्ही नाही." पण दिवा लावून तीही कडेवरून बोट फिरवून गेली.

आता सासूबाईचं ऐक. दोन दिवस तिने त्या झडपेपुढे बसून माझ्या नावाने गळा काढला. दूध ठेवलं, मासळी ठेवली, झडपेला दोरा बांधून ती उघडी धरली. बाई ढिम्म. तिला दार हवं होतं, उंच, आणि ते उघडायला मी हवी होते. काल रात्री मी तिला सांगितलं की जा बाई मग, मार उंदीर. मला रडू आलं, ते जाऊ दे.

आज चार वाजता वहिनी टोपली घेऊन आली. खाली भावाची गाडी उभी. सासूबाई माझ्या कापायच्या टेबलावर, कोटाच्या पाठीवर झोपलेली. वहिनीने टोपलीचं झाकण उघडलं, ते करकरलं. सासूबाईने एक डोळा उघडला. टोपली पाहिली, वहिनी पाहिली, मला पाहिलं. मग टेबलावरून उडी, मशीनखालून पळ, आणि न थांबता, न वास घेता, डोकं पुढे घालून ठप. बाहेर! झडप मागे हलत राहिली. वहिनी टोपली धरून तशीच उभी. मी इतकी हसले की प्लास्टर दुखलं. मग वहिनीही हसायला लागली, आणि खिडकीतून भावाला ओरडून म्हणाली, "जा रे तू, तिला नोकरी नको आहे."

सहा वाजता ठप. आत आली. खोलीच्या मधोमध उभी राहून माझ्याकडे असं बघितलं, जणू दार तिनेच बसवलंय. आत्तापर्यंत अकरा वेळा आत-बाहेर झालं. मी एकदाही उठलेले नाही.

आता दोन गोष्टी कबूल करायच्यात. माझं वय झालं, लाज वाटत नाही.

पहिली. तुझी चूक कुठे झाली ते तू शोधत असशील. शोधू नकोस. काल कोटाचा नमुना कापताना माझा हात थांबला. आम्ही कागदावर माप आखतो आणि कात्री चालवतो ती पाऊण इंच बाहेरून. शिलाईसाठी जागा सोडायची म्हणून. चाळीस वर्षं हात असाच चालतोय. तुझ्या काचेचा कागदही तसाच कापला. काचेला शिलाई सोडली मी! चारही बाजूंनी. तू बरोबर मोजलंस, बरोबर कापलंस. वकिलाच्या बाह्यांनंतर ही माझी दुसरी.

दुसरी. डॉक्टरांनी सत्तावीस किंवा अठ्ठावीस, कुठल्याही दिवशी या म्हटलं होतं. अठ्ठावीस मी निवडली. वहिनीला माहीत होतं. मी खोलीत बसून तुझा हात बघत राहिले असते तर तू त्या दाराला हात लावला नसतास.

तुझ्यासाठी कामाचा एप्रन शिवायला घेतेय, जाड कापडाचा, पुढे खिसा, हिरा ठेवायला वेगळा बारीक खिसा. माप कळव. नीट कळव.

आत्या


६ डिसेंबर

आत्या,

तुझे पत्र हिरेकाकांना वाचून दाखवले.  काचेला शिलाई सोडली तिथे त्यांनी हसता हसता चष्मा काढला आणि डोळे पुसले. तेव्हापासून कुणी काच जरा मोठी कापली की ते विचारतात, शिलाई धरली का.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मालकांना सगळे सांगितले. नवी काच फुटली, तेही. मालकांनी विचारले, मग झडप कशात बसवली? मी म्हणालो, जुन्याच काचेत, दारात उभी असताना. हिरेकाका कापता कापता थांबले आणि वळले. "उभ्या काचेत? एकट्याने?" मी म्हणालो, एक घड्याळवाले होते.  त्याच्या पुढच्या सकाळी हिरेकाकांनी जेवणाच्या गोल मेजासाठी मागवलेली मोठी जाड काच टेबलावर आडवी केली, आपला हिरा तिच्यावर ठेवला आणि चहाला जातो म्हणून निघून गेले. मालकही त्यांच्यामागून गेले. टेबलाशी मी एकटाच होतो. तुझ्या मास्तरांचे मी इथे कुणाला सांगितले नव्हते.

मी आधी चारही कोपरे पाहिले. मग कापली. ते परत आले तेव्हा गोल काच भिंतीला टेकवून ठेवलेली होती. हिरेकाकांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, दुसरी घे. आता बिले मालक स्वतः लिहितात. त्यांचे अक्षर गिऱ्हाइकांना वाचता येत नाही, त्यावरून रोज वाद होतात.

बाबांना आज पत्र टाकले. दाराचे, दीड वर्षाचे, सगळे लिहिले आहे. मी कारागीर आहे हे शेवटच्या ओळीत लिहिले आणि त्या ओळीत या वेळी मला काही खोडावे लागले नाही.

एप्रनचे माप असे. छाती चौतीस इंच, कंबर एकोणतीस, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अडतीस. नव्या टेपने तीनदा घेतले आहे आणि एकदा हिरेकाकांकडून तपासून घेतले आहे. हे नुसते अंगाचे माप आहे. शिलाई धरलेली नाही. ती तू सोड.

तुझा भाचा